किरायदाराचं पुरं नाव

रविवार, १९ जानेवारी. सकाळी अकरा. नांदेड, माझं घर, पुढची खोली.

हजर: मी. माझा धाकटा भाऊ, लोह्याहून. त्याची बायको. आमचे मामा, किल्लारीहून पहिल्या बसनं. गैरहजर: भावाचा मुलगा, ज्याच्यासाठी ही सगळी मंडळी आली होती; त्याची मोटारसायकल बिघडली होती म्हणे. उशिरा हजर: एक शिक्षिका, पावणेबाराच्या सुमारास. तिला त्याच दिवशी मीच बोलावलं होतं. एका सुटीत दोन कामं उरकतील, एवढाच विचार.

आमच्याकडे लग्न ठरलं की यादी होते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, कोण काय देणार आणि कोण काय करणार ते कागदावर उतरवतात, कागदाला हळदकुंकू लावतात आणि वडीलधारी माणसं सह्या करतात. पुढे कुणी शब्द फिरवला की यादी काढून त्याच्या नाकासमोर धरता येते. माझं अक्षर बरं आणि डोकं थंड, म्हणून गेली पंचवीस वर्षं नात्यातल्या सगळ्या याद्या मी लिहिते. माझी स्वतःची झाली नाही. मी लग्न केलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते बाकीच्यांना.

त्या रविवारी मी माझ्या प्रवासाची यादी करायला बसले होते. पाठीवर एक सॅक घेऊन आठ महिने: व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड, शेवटी जमलं तर इंडोनेशिया. वय पन्नास. प्रवासी कंपनीची सहल नाही, सोबत कुणी नाही.

पैशाचे तीन पाय होते. पहिला, साठवलेले. त्यातला तिसरा हिस्सा दवाखान्यासाठी बाजूला. त्याला हात लावायचा नाही. उरलेल्याला दिवसांनी भागलं तेव्हा कळलं की साठवलेल्यावर मी जेमतेम तीन महिने तग धरेन, तेही आठ जणींच्या खोलीत वरच्या खाटेवर झोपून.

दुसरा पाय काम. लातूरच्या एका क्लाससाठी मी जीवशास्त्राचे सराव पेपर काढते. दर रविवारी त्यांची परीक्षा, शुक्रवारी दुपारपर्यंत पेपर आणि उत्तरं पोचली पाहिजेत. इतकी वर्षं हे मी नांदेडात बसून करते. लातूरला वर्षातून दोनदा तोंड दाखवते. तर हनोईत बसून का होऊ नये, हे विचारायला डिसेंबरात लातूरला गेले. क्लासचे सर म्हणाले, "मॅडम, पोरं इथं बारा बारा तास घासून राहिलीत, अन् त्यांचा पेपर तुम्ही समुद्रावर बसून काढणार?"

"पेपरावर समुद्र उमटत नाही सर."

"नेट गेलं तर?"

"इथे लाइट जाते तेव्हा तुम्ही काय करता?"

ते हसले नाहीत. पेपरामागचा दर थोडा कापला आणि अट घातली की चार पेपर नेहमी आगाऊ तयार पाहिजेत. अट मला मान्य होती, दर नव्हता. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं आणि मग नव्या दरानं बेरीज केली. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. इथली शुक्रवारची दुपार होईपर्यंत मला दीड तास जास्तच मिळणार होता. तेवढं एक बरं होतं.

तिसरा पाय हे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नळ. आठ महिन्यांचा किराया आला तर आठ महिने होतात. नाही आला तर पाच. इतकी साधी गोष्ट होती.

नोव्हेंबरपासून मी सॅकमध्ये नऊ किलो तुरीची डाळ भरून रोज सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत होते. खांद्यांना सवय व्हावी म्हणून. गल्लीत पहिल्या आठवड्यात विचारलं, "डाळ विकता का काकू, काय भाव?" दुसऱ्या आठवड्यात कुणी विचारेना, म्हणजे निष्कर्ष निघाला होता. लोह्यात भावाच्या दुकानापर्यंत तो पोचायला वेळ लागला नाही. तिथे तो गिऱ्हाइकांना सांगत होता की आक्काचं डोकं फिरलंय, पण घर रिकामं होतंय, पोरगं नांदेडला ठेवतो आता परीक्षेच्या तयारीला.

म्हणजे माझ्या घरात कोण राहणार हे मला सोडून लोह्यात सगळ्यांना माहीत होतं. त्या पोराला मी ओळखते. तीन वर्षं तयारी चालू आहे; अजून एकाही परीक्षेचा अर्ज वेळेत भरलेला नाही. तो एकदा आत आला की बाहेर निघायचा नाही.

म्हणून ही बैठक. शिवाय दुसरंही कारण होतं. मामांचा हयातीचा दाखला मी भरते. भावाच्या पीकविम्याचा अर्ज मी भरते. भावजयीच्या माहेरची कोर्टाची तारीखसुद्धा माझ्या डायरीत असते. मी नसताना हे कोण करणार ते लिहून घ्यायचं होतं. आणि आमच्या घरात यादी झाल्याशिवाय कशालाच किंमत नाही.

सुरुवात व्हायची तशीच झाली.

"आठ महिने," भाऊ म्हणाला. "आक्का, काशीला जाणारी माणसंबी पंधरा दिवसांत येतात."

"मी काशीला चालले नाही."

"तेच तर म्हणून राहिलो. देवाला जाते म्हणलं असतंस तर कुणी नाव ठेवलं असतं का?"

भावजय म्हणाली, "आक्का, तिकडं किडे खातात म्हणं."

"खात असतील. मला कुणी भरवणार नाही."

मामांनी चष्मा पुसला. "आमच्या गावचं एकजण दुबईला गेलं," ते म्हणाले. "आलंच न्हाई."

"मेलं का?"

"न्हाई. तिथंच दुकान टाकलं. मजेत हाय. पण आलं का? न्हाई आलं."

मी ओळी लिहीत गेले. हयातीचा दाखला: भाऊ. तो म्हणाला, मला मोबाइलवरचं ते जमत न्हाई. पीकविमा: भाऊ, स्वतःचा. तेही जमत नव्हतं. मी म्हटलं, "दुकानाचा सगळा व्यवहार मोबाइलवर करतोस. जमत नाही म्हणजे काय? फुकट करणारी बाई चालली, हे जमत नाही ना तुला?"

"लई बोलून राहिलीस आक्का."

"लिहू का नाव?"

"लिही."

अशा सहा ओळी झाल्या. सातवी घराची. ती मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती: घर आठ महिने किरायानं, नोंदणी करून, किरायदार, एक शिक्षिका, पती सरकारी नोकरीत.

त्या शिक्षिकेबद्दल आधी सांगते. दारावरची किरायाची पाटी वाचून ती डिसेंबरात आली. नवरा पाटबंधारे खात्यात, मुलगी दहावीला, शाळा माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. खोल्या बघण्याआधी अंगणातच तिनं पुरं नाव सांगितलं आणि म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. आधीच सांगते. नंतर तुमचा वेळ जायला नको अन् आमचाबी." मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला किराया आला की झालं. तिनं मोजून दहा प्रश्न विचारले, पाणी किती वाजता येतं इथपासून गच्चीची चावी कुणाकडे इथपर्यंत. मला बाई आवडली. माझ्यासारखीच लिहून आणली होती तिनं यादी. एक महिन्याची अनामत तिनं त्याच दिवशी दिली.

तर सातवी ओळ. भाऊ लगेच म्हणाला, "आपलं पोरगं असताना परका किरायदार कामून?"

"आपलं पोरगं किराया देणार का?"

"भाच्याकडून किराया घेतीस?"

"मग झालं उत्तर."

इथपर्यंत मी जिंकत होते. कागद माझ्या नावावर, कर्ज मी फेडलेलं. भाऊ प्लॉट बापानं घेतल्याचं पुन्हा काढेल याची तयारी मी केली होती. पण मामांनी कागद हातात घेतला. पंचांनी यादी सहीआधी वाचायची, हा रिवाज.

"हे अर्धं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"सातवं कलम. एक शिक्षिका म्हणजे कोण? पुरं नाव लिही. आडनाव, गाव. यादीत अर्धं नाव नसतं बाई. तूच तर उदगीरच्या सोयरिकीत नवरदेवाचं गाव लिहिलं न्हाई म्हणून सगळ्यांना तासभर बसवून ठेवलं हुतंस."

खरं होतं. मीच बसवलं होतं.

"करारात आहे पुरं नाव," मी म्हणाले. "इथे गरज नाही."

हे वाक्य बोलताना माझा आवाज बदलला असणार, कारण भावानं मान वर केली. त्याला पीकविमा समजत नाही, पण हे समजतं.

"आडनाव काय हाय आक्का?"

"शिक्षिका आहे. नवरा सरकारी नोकरीत आहे. निर्व्यसनी माणसं आहेत."

"ते झालं. आडनाव इचारलं मी."

मी ते सांगायला हवं होतं. एका शब्दाचं काम. मी म्हणाले, "तुला कशाला पाहिजे? तू राहायला येणार आहेस का त्यांच्याकडे?"

भावजय भिंतीकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे तेच हायत."

"मला काही न्हाई," भाऊ म्हणाला. "मी मानत न्हाई तसलं काही. माझ्या दुकानात सगळे येतात. पण गल्ली हाय आक्का. उद्या पोराचं लग्न जमवायचंय, पाहुणे इथंच उतरणार. आत्याच्या घरात कोण राहतं म्हणून इचारतील. देव्हारा हाय घरात आईचा."

"देव्हारा माझ्या खोलीत कुलपात राहील."

मला हे वाक्य आजही ऐकू येतं. त्याच्या मुस्काटात देण्याऐवजी मी त्याला तोडगा सुचवत होते.

"आडनाव सांग की," मामा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतोय? लिहायला तर पाहिजे. रिवाज हाय."

तेवढ्यात दारातून आवाज आला. तिनं आपलं पुरं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. मग गाव सांगितलं, उमरी तालुक्यातलं. शाळेत हजेरी घेतात तशा स्पष्ट आवाजात.

"लिहा मॅडम," ती मला म्हणाली.

तिच्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या. म्हणजे ती आत्ताच आली नव्हती. हातात मोजपट्टी होती, पिवळी, शिंप्याकडे असते तशी. कपाट कुठे बसेल ते मोजायला मी तिला साडेअकराला बोलावलं होतं. बैठक अकराला सुरू झाली की अर्ध्या तासात आटपेल, असं मी धरलं होतं. आमच्याकडची कुठलीही बैठक अर्ध्या तासात आटपल्याचं मी पाहिलेलं नाही, तरी धरलं.

मी लिहिलं. नीट लिहिलं.

मामा म्हणाले, "या, बसा, बसा." ते सरकले, जितकं सरकायला हवं त्यापेक्षा जास्त. भाऊ मोबाइलात बघू लागला. मी भावजयीला म्हणाले, चहा ठेव. ती गेली आणि पाच मिनिटांनी ट्रे घेऊन आली. चार माझे निळे कप आणि एक कागदी ग्लास. कागदी ग्लास मीच आणलेले होते, प्रवासाआधी भांडी बांधून ठेवायची म्हणून. कपाटात निळे कप सहा आहेत.

शिक्षिकेनं ट्रेकडे पाहिलं. "मी घरून पिऊन निघाले," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन मोजायला लागली.

मी मागे गेले. तिनं भिंत मोजली, खिडकीची उंची मोजली, दाराची रुंदी मोजली, सगळं वहीत लिहिलं. मग पट्टी गुंडाळत पुढच्या खोलीत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कपाट बसत नाही. माफ करा, तुम्हाला त्रास झाला."

"अर्र," भाऊ म्हणाला.

ती भिंत सहा फुटांची आहे. कपाट चार फुटांचं असल्याचं तिनंच डिसेंबरात सांगितलं होतं.

मी फाटकापर्यंत गेले. "कपाट बसतं," मी म्हणाले.

"बसतं की."

"ते लोक उद्या आपापल्या गावी जातील. घर माझं आहे. करार माझ्याशी आहे."

"ते लोक काय म्हणतात ते मला नवं नाही मॅडम. तेवढ्यासाठी मी थांबले नसते. कपाट आणलं असतं." तिनं पट्टी पर्समध्ये टाकली. "मी तुम्हाला नाव पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्ही म्हणालात फरक पडत नाही. मग कागदावर का नव्हतं?"

"भांडण नको होतं."

"कुणाला?"

मी फाटकाची कडी नीट केली. ती म्हणाली, "माझ्या पोरीची दहावी आहे. तिनं या घरात आठ महिने राहायचं अन् कुणी विचारलं की तुम्ही फोनवरून सांगणार, एक शिक्षिका राहते. नको." मग पर्स खांद्याला लावून, "तुमच्या प्रवासाला शुभेच्छा. खरंच," असं म्हणाली आणि गेली.

आत आले तर भाऊ उठून उभा होता आणि त्याचा चेहरा उजळला होता. "बरं झालं," तो म्हणाला. "आपोआप मिटलं. पोरगं पुढच्या आठवड्यात सामान घेऊन येईल. गादी ठेव एक."

"कुणी येणार नाही."

"मग काय घर रिकामं ठेवतीस?"

"रिकामं ठेवते. कुलूप घालते. उंदीर राहतील, तुझा मुलगा राहणार नाही."

"आक्का, त्या लोकांसाठी रक्ताच्या माणसाला—"

"त्या लोकांसाठी नाही. ते गेले, दिसलं ना तुला. तू निघ आता. लोह्याची बस एकला आहे."

"जेवण?" मामांनी विचारलं.

"मामांना वाढते. तुम्ही दोघं निघा."

भावजयीनं पदर खोचला, ट्रेमधला थंड चहाचा कागदी ग्लास उचलला आणि मोरीत ओतला. जाताना भाऊ फाटकात म्हणाला की परदेशात काही झालं तर मला फोन करू नको. मी म्हटलं, तुझा नंबर तातडीच्या यादीत नाहीच. ते खरं नव्हतं, पण त्या दुपारी मी तो काढला.

मामा जेवले. दोन भाकरी, वांग्याची भाजी. जेवताना म्हणाले, "मी फक्त पुरं नाव लिही म्हणलं. माझी काय चूक?"

"तुमची नाही मामा," मी म्हणाले, आणि हे मी रागानं म्हटलं नाही. वीस जणांसमोर मी ज्या ओळीसाठी अडून बसले असते, ती माझ्याच कागदावर मी मुद्दाम अर्धी ठेवली होती. मला किराया हवा होता आणि शांतताही हवी होती. दोन्ही मिळावं म्हणून तिचं आडनाव खर्ची पडलं तर पडू दे, असं माझं ठरलेलं होतं. फक्त मी ते असं मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे भावाच्याच पंगतीत मी त्याच्या उजव्या हाताला बसले होते.

संध्याकाळी अनामत परत पाठवली. तिचा एका शब्दाचा निरोप आला: मिळाली.

त्यानंतरची कामं भराभर झाली. आठाचे पाच महिने केले. इंडोनेशिया काढलं, कंबोडियाचे दिवस कापले. व्हिएतनाममध्ये एकाच गावात महिनाभर मुक्काम टाकला, कारण खोली महिन्यानं घेतली की स्वस्त पडते आणि पेपर काढायला टेबल मिळतं. लातूरच्या सरांना फोन करून कापलेल्या दराचं भांडण उकरून काढलं आणि निम्मं जिंकलं. पाटी काढून टाकली. तरी दोन किरायदार येऊन गेले, दोघंही भावाला आवडले असते असे. त्यांना नाही म्हटलं. पाण्याची टाकी धुऊन घेतली, गॅस जमा करायचा अर्ज दिला, आगाऊ चार पेपर झाले.

एक काम राहिलं. तिची शाळा शनिवारी साडेअकराला सुटते. फाटकाशी उभं राहायचं, मुलं गेली की ती येईल, तेव्हा तिच्यासमोर म्हणायचं की त्या दिवशी लपवलं ते मी, आणि भावाच्या भीतीनं नाही, किरायासाठी लपवलं. घर परत देऊ करायचं नाही. ते दिलं की पुन्हा माझ्याच आठ महिन्यांची सोय केल्यासारखं होईल. फक्त तेवढं सांगायचं आणि परत यायचं. फोनवर करायचं हे काम नाही, चिठ्ठी लिहून तर नाहीच.

पहिल्या शनिवारी लसीकरण होतं, प्रवासासाठीचं. दुसऱ्या शनिवारी मी शाळेपर्यंत गेले, सव्वाअकराला पोचले, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्टच्या तीन प्रती काढल्या आणि घंटा व्हायच्या आत परत आले. प्रती घरी आधीच होत्या.

विमान बुधवारी आहे. मध्ये एकच शनिवार उरला आहे.